आत्याच्या पायांखालचा कोबा

मी एक जुना कोबा आहे. फाटकापासून घराच्या पायरीपर्यंत आणि तिथून गाडीच्या शेडपर्यंत पसरलेला, करडा, जागोजागी तडे गेलेला. म्हणजे तसा होतो. आता मी तुकड्यातुकड्यांनी जमिनीत आहे आणि माझ्या डोक्यावर दुसराच एक नवा कोबा ऐसपैस पसरलाय. तरी मी बोलतोय. मित्रांनो, दगडमातीला मरण एवढं सोपं नसतं. आम्ही नुसते खाली जातो आणि पेंगत पडतो. पेंगता पेंगता जे आठवतं ते सांगतो. क्रम थोडा इकडचा तिकडे झाला तर सांभाळून घ्या.

ओला होतो ते दिवस मला सगळ्यात लख्ख आठवतात. खडी, वाळू, सिमेंट आणि पाणी एकत्र आलं आणि एकाएकी मी झालो. गवंड्याने गुरमाळा फिरवून मला सारखं केलं, तेव्हा आभाळ माझ्यात उतरलं. ढग अंगावरून चालत गेले, पण एकाचंही पाऊल उमटलं नाही. मांजरीचं मात्र उमटलं. तिला हाकलायला गवंडी थापी घेऊन धावला, आणि मग त्याचंही उमटलं. घराचा मालक पोट धरून हसला. "राहू द्या हो, दोघांचीही राहू द्या," म्हणाला.

मला पाणी मारायचं काम त्याच्या बहिणीकडे आलं. सिमेंटला सुरुवातीला पाणी पाजावं लागतं, नाहीतर ते उन्हाने तडकतं. ती सकाळ-संध्याकाळ बादली घेऊन यायची, अनवाणी, आणि माझ्यावरून चालत चालत पाणी ओतायची. तेव्हा ती तरुण होती आणि तिला कुणी आत्या म्हणत नव्हतं. मला तिची पावलं तेव्हापासून पाठ आहेत. डावं जरा जड पडतं, उजवं घाईत असतं.

मग वर्षं आली आणि माझ्यावरून गेली. सायकली गेल्या, बाबागाडी गेली, खडूने आखलेली घरं पुसली गेली. आलेला पाहुणा म्हणायचा, "वा, काय कोबा आहे! पायाला थंड लागतो." मी फुगून जायचो. दुपारी झाडाची सावली अंगावर पडली की मी अर्धवट झोपेत जायचो, आणि सावली सरकली की कूस बदलल्यासारखं वाटायचं. एक दिवस मालक गेला. त्या दिवशी माझ्यावर खूप पावलं आली आणि सगळी हळू चालली. मग घर त्याच्या मुलाचं झालं, म्हणजे आत्याच्या भाच्याचं. त्याची बायको आली. तिला सगळे सूनबाई म्हणतात. बाई कामाला वाघ, स्वभावाने तिखट, आणि जीव लावण्यात कुणाला हार जाणार नाही अशी.

एव्हाना मीही म्हातारा झालो होतो. झाडाच्या मुळाने मला एका जागी उचलून धरलं होतं. फाटकाजवळ खालची माती खचून मी पोकळ वाजायला लागलो होतो. पायरीपासून एक लांब तडा निघून थेट मधोमध गेला होता. गाडीचं पोट माझ्या उंचवट्याला घासायचं आणि भाचा दर वेळी दात-ओठ खायचा. माझं कौतुक करणारं आता कुणी उरलं नव्हतं.

पण एक गोष्ट मला ठाऊक होती. आत्याला दिसत नव्हतं.

घरात कुणालाच याचा पत्ता नव्हता. घरात भिंती होत्या, टेबलाच्या कडा होत्या, वर्षानुवर्षांची सवय होती. बाहेर मी होतो. रोज सकाळी ती सपाता पायरीवर काढायची आणि माझा तडा अंगठ्याने शोधायची. त्याच्या कडेने चालत मुळाच्या उंचवट्यापाशी यायची, तिथे क्षणभर थांबायची, पाय फिरवून दिशा धरायची, आणि पोकळ आवाज आला की हात पुढे करायची. हात बरोबर फाटकाच्या कडीवर पडायचा! मग वर्तमानपत्र उचलायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा मारायच्या आणि तसंच परत यायचं. पेपर भाच्याच्या हातात देऊन म्हणायची, "तूच वाच बाबा, माझ्या चष्म्याच्या काचा दळभद्री आहेत." आणि भाचा कौतुकाने सांगायचा, "आत्याची चाल बघा, या वयात!"

सूनबाईने ते उंचवट्यापाशी थांबणं पाहिलं आणि तिला वाटलं, आत्यांना ठेच लागते. तिथून सगळं सुरू झालं.

"हा कोबा उखडायचा," तिने जाहीर केलं.

"का? चांगला भरभक्कम कोबा आहे. त्याला काय धाड भरलीय?" आत्या म्हणाली.

"आत्या, तडे गेलेत त्याला."

"तडे मलाही गेलेत. मलाही उखडणार आहेस का?"

"तुमच्याचसाठी करतेय ना! एखाद दिवशी तोंडावर आपटाल."

भाचा मध्ये पडला नाही. इकडे आड, तिकडे विहीर. तो गाडी पुसायला निघून गेला.

आत्या पायरीवर बसून राहिली. तिचे तळवे माझ्यावर टेकलेले होते आणि थंडगार पडले होते. मी ओरडून सांगायला हवं होतं, अहो, ती ठेच नाही, ती खूण आहे! पण कोब्याला तोंड नसतं. मित्रांनो, त्या दिवसाइतकं माझ्या मुकेपणाचं वाईट मला कधीच वाटलं नाही.

नवा गवंडी फोडायचं यंत्र घेऊन आला. दुखलं का, असं तुम्ही विचाराल. दुखलं नाही, नुसता मोठा आवाज झाला आणि मी एकाचा अनेक झालो. गवंडी म्हणाला, "हेच तुकडे खाली घालू, भराव चांगला होईल." मग धुमसाने ठोकून ठोकून मला बसवलं. तिथे अंधारात माझे तुकडे वेगवेगळी स्वप्नं पाहू लागले. एकाला सायकलीची घंटा ऐकू यायची, एकाला बादलीतलं पाणी. एका तुकड्याला तर तो पुन्हा नदीतली वाळू झाल्यासारखं वाटायचं. त्या गुंगीत वरून ओलं काहीतरी पडत गेलं, आणि मला गवंड्याचा आवाज आला.

"वरून खराटा फिरवू का, बाई? जरा खरखरीत राहील."

"अजिबात नको," सूनबाई म्हणाली. "आत्यांच्या पायाला कणभरही काही लागता कामा नये. आरशासारखा करा."

त्याने तसाच केला. पुढे रोज सूनबाईने स्वतः नव्या कोब्याला पाणी मारलं, मनापासून मारलं. थेंब झिरपून माझ्यापर्यंत यायचे. कसं सांगू, मला तिचा रागही येईना.

आणि मग ती सकाळ आली. आत्याने सपाता काढल्या. पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. अंगठा तडा शोधायला लागला, पण पायाखाली सगळं गुळगुळीत, खूण अशी काहीच नव्हती. जड डावं पाऊल तिला हळूहळू डावीकडे ओढत गेलं. मी खालून बघत होतो आणि काही करू शकत नव्हतो. ती थेट कुंड्यांवर जाऊन पडली.

सूनबाई धावत आली. "अगंबाई! काय झालं?"

"कुठे काय? कुंडी वाकडी ठेवली होतीस, सरळ करायला आले."

"आडवं होऊन?"

"ज्याची त्याची पद्धत," आत्या म्हणाली. गुडघा फुटला होता.

त्यानंतर ती बाहेरच येईना. पेपर फाटकापाशी पडून राहायचा. नवा कोबा ऊन खात पडलेला, आणि त्याच्यावर ज्या पावलांनी यायचं तीच नाहीत. सूनबाईला वाटलं, आत्या रुसल्या. मग तीही रुसली. एवढं राब राब राबून केलं त्याचं हे फळ! घरात भांडी आपटायला लागली. भाचा एकटाच पेपर वाचायचा, तोही मनातल्या मनात.

शेवटी एका दुपारी सूनबाईचा बांध फुटला. शेडमध्ये गवंड्याची विसरलेली पहार होती. ती उचलून सूनबाई पायरीपाशी आली आणि आत्याला हाक मारून बाहेर बोलावलं.

"सांगा आता. तुमचा जुना कोबाच लाडका होता ना? हा फोडते. आत्ताच्या आत्ता फोडते. पण तुम्ही असं तोंड फिरवून बसू नका. मला नाही सहन होत."

आत्या चाचपडत पायरीवर बसली.

"वेडी आहेस. ठेव ते. मला दिसत नाही गं."

"काय दिसत नाही?"

"कोबा. पायरी. तू. उजेड आहे एवढं कळतं, बाकी सगळं धुकं."

पहार सूनबाईच्या हातातून सुटली आणि नव्या कोब्याचा पहिला टवका उडाला.

"अहो, पण परवापर्यंत मी तुम्हाला सुईत दोरा ओवायला देत होते!"

"तो शेजारीण ओवून द्यायची. डॉक्टरकडेही तिच्यासोबतच गेले. गेलेली नजर येत नाही म्हणाले, आहे ती टिकवायला थेंब घाला. घालते."

"आम्हाला का नाही सांगितलंत? आम्ही काय परके?"

"परके असता तर सांगितलं असतं," आत्या म्हणाली. "तू जीव लावतेस ना, म्हणून भीती वाटली. कळलं असतं तर तू मला खुर्चीत बसवून हातात पेला दिला असतास. माझं फाटकापर्यंतचं चालणं, तेवढंच माझं आहे गं. कडी काढायची, चार माणसांशी बोलायचं. तेवढा वेळ माझा हात कुणी धरलेला नसतो."

सूनबाई रडत होती. रडता रडता म्हणाली, "मी नेईन ना रोज. हाताला धरून नेईन."

"बघ! हेच ते."

मग सूनबाईने चपला काढल्या, डोळे घट्ट मिटले आणि चालायला लागली. मला तिची पावलं कळत होती. आधी ठाम, मग लहान, मग अगदी घाबरलेली. फाटकाकडे निघालेली बाई शेडकडे वळली आणि गाडीवर जाऊन आदळली.

"आत्या, मी कुठे आलेय?"

"मला काय विचारतेस? मला दिसतंय थोडंच!"

आधी आत्या हसली. मग सूनबाई. दोघी इतक्या हसल्या की भाचा धावत बाहेर आला आणि काही न समजता तोही हसायला लागला. त्याला सगळं सांगितल्यावर मात्र तो आत्याच्या मांडीवर डोकं टेकून लहान पोरासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी गवंड्याला बोलावलं. तो कपाळावर हात मारून घेत म्हणाला, "नव्या कोऱ्या कोब्याला चिरा पाडायच्या?"

"पाडायच्या," सूनबाई म्हणाली. "आत्या सांगतील तिथे. जुना तडा होता तशीच आखायची ना, आत्या?"

"छे! जुन्या कोब्याने मला जन्मभर उगाच वळसा घालायला लावला. सरळ आखा."

ऐकलंत? एवढी सेवा केली त्याचं हे बक्षीस! मला राग यायला हवा होता, पण खालच्या अंधारात मी खुदकन हसलो. यंत्र फिरलं, बारीक धूळ उडाली, आणि पायरीपासून फाटकापर्यंत एक सरळ खाच पडली. फाटकाच्या अलीकडे चार आडव्या खाचा, म्हणजे फाटक आलं हे पायाला कळावं. नवा कोबा थरथरला. मी त्याला खालून म्हटलं, घाबरू नकोस, गुळगुळीत असताना तू कुणाच्याच कामाचा नव्हतास.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी एखाद्या तड्याच्या आधाराने चालत असेल. तो बुजवायला जाण्याआधी त्या माणसाला विचारा. आणि विचारल्यावर नीट ऐका. हात धरणं प्रेमाचंच असतं, पण कधीकधी तो सोडणंही प्रेमाचंच असतं, आणि ते जास्त अवघड असतं. हे मला खाचा पाडल्यानंतरच्या पहिल्या सकाळी कळलं.

आत्या पायरी उतरली. भाचा पुढे व्हायला गेला, तर सूनबाईने त्याला दंडाला धरून मागे ओढलं. आत्या खाचेच्या कडेने चालू लागली. अर्ध्यावर तिचा अंगठा खाचेवरून निसटला. ती थांबली. तिने पाय इकडे फिरवला, तिकडे फिरवला. सूनबाईचं एक पाऊल पायरीवरून खाली आलं, मला त्याचा भार जाणवला. दुसरं आलं नाही. ती तशीच उभी राहिली. आत्याचा अंगठा पुन्हा खाचेत बसला. आडव्या खाचा आल्या. हात पुढे झाला आणि कडी वाजली.

"सूनबाई," आत्याने मागे न वळता हाक मारली, "पायरीवरच आहेस ना?"

सूनबाईने खाली आलेलं पाऊल हळूच उचलून परत पायरीवर ठेवलं.

"हो आत्या," ती म्हणाली. "पायरीवरच आहे."