माझ्या अंगावरची पळती झाडं

मी मॉनिटर बोलतोय. वर्गात ‘गप्प बसा’ म्हणून ओरडणारा नव्हे, टेबलावर बसून तुमच्याकडे एकटक बघणारा. फुशारकी मारतोय असं वाटलं तर वाटू दे, पण आधीच सांगून टाकतो: माझ्या अंगावर आजतागायत एकही डाग नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे धुळीला मज्जाव होता. पांढरे हातमोजे घातलेल्या तपासनीस बाईंनी मला आधी पूर्ण लाल केलं, मग हिरवं, मग निळं आणि शेवटी काळंकुट्ट. अगदी नाक लावून त्यांनी माझा कोपरान्‌कोपरा पाहिला. एखादा ठिपका जरी मेलेला, म्हणजे न उजळणारा, निघाला असता, तरी माझी गच्छंती ठरलेली होती. “हा गुणी आहे,” एवढंच त्या म्हणाल्या. ते ऐकून मी जो उजळलो, तो अजून उजळलेलाच आहे.

माझी पहिली नोकरी चष्म्याच्या दुकानात. मालक गिऱ्हाइकाचे डोळे तपासायचे आणि मी भिंतीवरून अक्षरं दाखवायचो, वर ठसठशीत, खाली मुंगीएवढी. “हे बरं की ते बरं?” भिंग बदलत मालक विचारायचे. एकदा एका आजोबांना योग्य भिंग लागलं आणि माझी सगळ्यात खालची ओळ दिसली. त्यांनी ती मोठ्यांदा वाचली. मग कारण नसताना पुन्हा वाचली. त्या दिवशी मला माझ्या जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

पुढे दुकानात नवं यंत्र आलं आणि मालकांनी मला घरी आणलं, मुलींच्या खोलीत. थोरलीला घरात ताई म्हणत, धाकटीला नुसतं धाकटी. मालक इथे बाबा झाले. शिवाय एक आत्या होत्या. त्यांना माझा पहिल्या दिवसापासून संशय. “हा बंद असताना पण बघतो गं,” असं म्हणून त्या माझ्यावर टॉवेल टाकायच्या.

मग ताई नोकरीसाठी लांबच्या शहरात गेली. तेव्हापासून बहिणींची भेट व्हायची ती माझ्यावरच. त्यांचा एक खेळ होता: दोन घोडेस्वार डोंगरातल्या गावांना औषधं पोचवतात. ताई तिकडून खेळायची, धाकटी इकडून, आणि ताईचा आवाज माझ्या पोटातल्या स्पीकरमधून यायचा. औषधं राहायची बाजूला. ताईच्या घरमालकिणीचा खडूसपणा, धाकटीची परीक्षा, निळा ड्रेस नेमका कुणी ढापला, सगळा हिशेब घोड्यावरून चुकता व्हायचा.

अशात त्या खेळाची नवी आवृत्ती आली. गवत जास्त हिरवं झालं, आभाळ जास्त निळं. आणि घोडा वळला की झाडं फरफटायला लागली, ओल्या चित्रावरून कुणी बोटं फिरवावीत तशी. धाकटी दचकून डोळे मिटायची, टेबलाची कड घट्ट धरायची. तिच्या पोटात ढवळायचं. ताईला मात्र म्हणायची, “आज अभ्यास आहे गं.” दुसऱ्या दिवशी, “आत्यानं हाक मारली.” खरं सांगितलं तर ताई म्हणेल, राहू दे मग, नको खेळायला. आणि नको खेळायला म्हणजे नको भेटायला. ही भीती तिच्या तोंडावर मला स्वच्छ दिसायची. तिच्याइतकं जवळ कुणी बसत नाही माझ्या.

बाबांना तिनं सांगितलं. त्यांनी दुकानात नेऊन डोळे तपासले. नंबर तोच.

“मला बसमध्ये खिडकी मिळाली नाही की अस्संच होतं,” आत्या म्हणाल्या. “लिंबू हुंग.”

बाबांनी माझ्यावरही अक्षरं लावून पाहिली. धाकटीनं घडाघडा वाचली. “डोळे ठणठणीत आहेत,” बाबा म्हणाले. “म्हणजे हाच म्हातारा झालाय. देऊन टाकू भंगारात.”

मी? अरे, आत्ताच तर मुंगीएवढं अक्षर दाखवलं! माझा पारा असा चढला की पाठ तापली. आत्यांना मात्र आनंद झाला.

त्याच संध्याकाळी स्पीकरमधून ताई कडाडली. “तुला माझा कंटाळा आलाय ना? तसं सरळ सांग. रोज कशी गं हाक मारते आत्या?”

“मी? मी कधी मारली हाक?” आत्या दारातून म्हणाल्या.

झालं. धाकटीला रडूच फुटलं. “ताई, मला मळमळतं गं. घोडा वळला की.”

ताईचा घोडा जागीच थांबला. मग, “बावळट! हे आधी नाही सांगायचं? मला वाटलं, मीच नकोशी झालेय.”

“थांब, थांब,” बाबा आत आले. “वळला की? उभा असताना नाही होत?”

“नाही.”

बाबा मटकन खाली बसले. “माझा अक्षरांचा तक्ता कधी पळत नाही ना. मी आपला तुला एका जागी उभी अक्षरं दाखवत बसलो.”

मग त्यांनी स्टूल ओढलं आणि त्यांचा दुकानातला आवाज लागला. “खेळाची सेटिंग उघड. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन भिंगं एकदम बदलली की कशानं दिसलं ते कळत नाही.”

उजेड कमी केला, घोडा वळवला. “हे बरं की ते बरं?”

“अजून तसंच गरगरतंय.”

सावल्या काढल्या.

“तसंच. लिंबू कुठाय?”

“हे घे!” आत्या तयारच होत्या.

मग आली ‘मोशन ब्लर’ लिहिलेली ओळ. “ते मुद्दाम पुसट करतात, बाबा,” ताई तिकडून म्हणाली. “वेगात गेल्यासारखं वाटावं म्हणून. सिनेमात असतं तसं.”

“मुद्दाम? लोक माझ्याकडे पुसट घालवायला येतात, आणि हे शहाणे मुद्दाम आणतात?”

धाकटीनं ते बंद केलं. घोडा गर्रकन वळला. झाडं पळाली, पण झाडंच राहिली. तिनं पुन्हा वळवला, मग उलटा. हात टेबलाच्या कडेवरून सुटला.

“ताई! फांदीवर घरटं आहे!”

“आहेच ते तिथे. रोज दाखवत होते तुला. तू नुसती हो हो म्हणायचीस.”

दोघी इतक्या हसल्या की माझा स्पीकर खरखरला. मी अभिमानानं सांगतो, त्या घरट्याची काडीन्‌काडी मी दाखवली.

आता माझी एक कड पिवळी पडलीय, तो डाग नव्हे, वय आहे, आणि पायाखाली पुठ्ठ्याची घडी आहे. तरी भंगाराचा विषय कुणी काढत नाही. तुम्हांला एवढंच सांगणं: खेळताना चित्र फरफटलं, गरगरलं, तर आधी खेळाच्या सेटिंगमध्ये शिरा आणि एकेक गोष्ट बदलून बघा. डोळ्यांना आणि आम्हांला लगेच गुन्हेगार ठरवू नका. आणि गरगरतंय तर जवळच्या माणसाला गरगरतंय म्हणून सांगा. अभ्यासाचं नाव पुढे करू नका.

बरं, धाकटीनं खुर्ची ओढलीय. तिकडून ताई ओरडतेय, “ये गं लवकर, दरी आलीय!” माझं बोलणं पुरे. मला दरी दाखवायचीय, अगदी तळापर्यंत.