हात कानाच्या पुढे

मास्तरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, मोर्सचे ठिपके आणि रेघा मोजत बसायचं नाही. आई हाक मारते तेव्हा कोणी अक्षरं मोजतं का? ‘डा-डिट-डा’ कानावर पडलं की हाताने अक्षर लिहून मोकळं व्हायचं. बंदराच्या बिनतारी केंद्रात शिकाऊ अशी एकच होती. घरात ताई थोरली म्हणून ही धाकटी, आणि मास्तरांनी हजेरीतही तेच लावून टाकलं होतं.

तीन महिन्यांत धाकटीचा कान तयार झाला. मग जरा जास्तच तयार झाला. अक्षर वाजायच्या आधीच पेन्सिल ते लिहू लागली. मास्तरांना वाटलं, पोरगी लबाडी करतेय. त्यांनी तिच्या हेडफोनची पिन उपटली. धाकटी लिहीतच राहिली, आणि पाच मिनिटांनी जहाजाकडून नेमका तोच मजकूर आला, स्पेलिंगच्या चुकीसकट. वरिष्ठांना कळवावं म्हणून मास्तरांनी तक्रारीचा फॉर्म काढला. त्यात ‘संदेश उशिरा नोंदवला’ असा रकाना होता, ‘लवकर नोंदवला’ असा नव्हता. मग त्यांनी फॉर्मची घडी करून डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. तेवढंच एक काम मार्गी लागलं.

पाच मिनिटांचा तास झाला, तासाचा दिवस. भावोजी एका मालवाहू जहाजावर बिनतारी सांभाळायचे. रोज दुपारी बाराला ते जहाजाचा ठावठिकाणा आणि ‘सगळं ठीक’ एवढं कळवायचे. धाकटी आजच्या बाराला उद्याचं ‘सगळं ठीक’ उतरवून घ्यायची आणि ताईला फोन करायची. ताईला सातवा महिना होता. तिला एक दिवस आधीच निर्धास्त व्हायची चटक लागली होती.

त्या सोमवारी भावोजींचा संदेश वेळेवर आला. धाकटीने उद्यासाठी पेन्सिल कागदावर टेकवली. पेन्सिल हलली नाही. तिने टोक काढलं, कागद बदलला, हात झटकला. काही नाही.

“उद्या भावोजी बोलत नाहीयेत,” ती मास्तरांना म्हणाली.

तिला फक्त ऐकता येत होतं. पाठवायचं दुसऱ्या वर्षी शिकवत. मास्तरांनी खुर्ची ओढली. हुकूम नसताना जहाज वळवणं म्हणजे पेन्शनवर पाणी. त्यांनी पाणी सोडलं आणि संदेश ठोकला, की वादळ येतंय, आमच्या बंदरात या. खिडकीबाहेर आभाळ इतकं निरभ्र होतं की ठोकताना त्यांनाच लाज वाटली.

भावोजींचं उत्तर लगेच आलं. कप्तानाने जहाज वळवलंय, उद्या अकराला पोचतो, बायकोला सांगा, संच बंद करून सामान आवरायला घेतो. ताई फोनवर आधी रडली, मग हसली, आणि म्हणाली, पोट सांभाळत दहालाच धक्क्यावर येऊन उभी राहते.

मास्तरांनी घाम पुसला आणि धाकटीला बाकीच्या सहा जहाजांचं उद्याचं घ्यायला सांगितलं. शिस्त म्हणजे शिस्त. पहिल्या जहाजाला पेन्सिल हलली नाही. दुसऱ्यालाही नाही. सहाव्यापर्यंत कागद कोराच. मग तिने हवामानाची बातमी घेऊन पाहिली, कारण ती काही बुडत नाही. तीही नव्हती.

“सहा जहाजं एकदम बुडत नाहीत, पोरी,” मास्तर हळूच म्हणाले.

आवाज बंद पडला की समुद्राकडे बघायचं, ही त्यांची तीस वर्षांची सवय. आज त्यांनी खोलीकडे बघितलं. भिंती, छप्पर, दोन खुर्च्या, आणि खिडकीतून हाकेच्या अंतरावर दिसणारा धक्का.

“ती गप्प नाहीयेत. उद्या ऐकायला आपण नाही आहोत.”

मास्तर पुन्हा ठोकू लागले, येऊ नका, येऊ नका. पलीकडे भावोजींचा संच बंद होता. ते बहुधा सदऱ्यांच्या घड्या घालत होते. धाकटीने ताईचा नंबर फिरवला. लाइन एंगेज लागली. तिने पुन्हा फिरवला. पुन्हा एंगेज.

ताई एकेकाला फोन लावून सगळ्या गोतावळ्याला धक्क्यावर बोलावत होती.