कुलूप घातलेला तिसरा चॅनल

चॅनल १

"पाचशे चॅनल. पोलीस, आगीचे बंब, हवामान आणि रेल्वेही," इतरांचं बोलणं पकडणारा नवा रेडिओ स्कॅनर पुढे सरकवत ओपलबाई ग्रीब म्हणाल्या. शाळेच्या जिममध्ये जुन्या रेडिओंचा बाजार भरला होता आणि त्यांचं टेबल बास्केटबॉलच्या रिंगखाली होतं. बाईंनी एकतीस वर्षं रेल्वेचे सिग्नल दुरुस्त केले. त्यात दोन बोटं गेली.

"पोलीस नकोत," मी म्हणालो. "ते मला न ऐकताही सापडतात."

बाई हसल्या. माझा धाकटा भाऊ रॉइस हसला नाही. वर्षभर तो माझ्यासमोर हसलेला नाही. त्याने काखेतली कागदी पिशवी टेबलावर उपडी केली. आमच्या मोडलेल्या पिकअपमधला जुना स्कॅनर. एक कोपरा आत चेपलेला.

"आधी हा चालू करा, बाई. यातले चॅनल नव्यात भरायचेत."

त्या डब्यात काय आहे ते फक्त मला ठाऊक होतं. मला वाटत होतं, तो भंगारात गेला.

चॅनल २

नव्या पिकअपसाठी स्कॅनर घ्यायचा तर तो डॅशबोर्डखाली घट्ट बसायला हवा, खडीच्या रस्त्यावर सुटायला नको. भर उन्हात आकडे दिसले पाहिजेत. हे सगळं दुय्यम.

स्कॅनर एका चॅनलवरून दुसऱ्यावर फिरत राहतो. जिथे कुणी बोलतं तिथे थांबतो, मग पुढे जातो. आणि एखाद्या चॅनलचा वैताग आला, तर बटण दाबून त्याला कुलूप घालता येतं. मग स्कॅनर त्याला ओलांडून जातो, आणि तुमच्या ते लक्षातही राहत नाही.

"जुना राहू दे," मी म्हणालो. "चॅनल मला पाठ आहेत."

"पाठ आहेत म्हणे!" रॉइस म्हणाला. "तुला स्वतःच्या लग्नाची तारीख पाठ नव्हती, व्हर्ल."

ओपलबाईंनी वायर लावायला घेतली.

चॅनल ४

गेल्या ऑक्टोबरात आम्ही नेहमीप्रमाणे फोटोंसाठी मालगाड्यांच्या मागे होतो. रॉइस टेकाडावर, एका हातात कॅमेरा, कमरेला छोटा रेडिओ. मी पिकअप चालवत होतो. शेजारी मार्लिस, रॉइसची बायको. मांडीवर हॅमचं सँडविच.

शेतरस्त्याच्या क्रॉसिंगला फाटक नव्हतं. रूळ दोन. कोळशाची गाडी पूर्वेला गेली. शेवटचा डबा सरकला तसा मी पिकअप घातला.

दुसऱ्या रुळावरची गाडी त्या डब्याआडून आली. इंजिन मार्लिसच्या दारातून आत आलं. तिचा खांदा माझ्या बरगड्यांत घुसला. काचेचा चुरा आम्हा दोघांच्या दातांत होता. इंजिनने पिकअप ओढत नेला आणि तेवढा वेळ ती माझं नाव घेत होती. मग घेत नव्हती.

चॅनल ५

जुन्या स्कॅनरची आकड्यांची पट्टी हिरवी उजळली. एक, दोन, चार, पाच. एक, दोन, चार, पाच.

"तीन कुठाय?" रॉइस म्हणाला.

ओपलबाईंनी हाताने तीनवर नेलं. आकड्याशेजारी कुलपाची खूण होती.

तीन म्हणजे त्या मार्गाचा मुख्य चॅनल. क्रॉसिंगच्या बरंच आधी रुळाकाठी बसवलेलं यंत्र त्याच्यावरच बोलतं. गाडी वरून गेली की तपासून सांगतं: मैल दोनशे बारा, अमुक रूळ, दोष नाही. दुसरी गाडी येतेय हे आम्हाला त्यावरूनच कळायचं.

"कुणी बंद केलं?"

"मी," मी म्हणालो. "मार्लिस तिच्या आईची गोष्ट सांगत होती. यंत्र सारखं मध्ये बोलत होतं."

पहिल्या ठोशात नाक मोडलं, त्याचा आवाज मला आतून ऐकू आला. मी टेबल घेऊन पडलो. रॉइस छातीवर बसला. त्याने जुना स्कॅनर उचलून माझ्या तोंडावर हाणला. एक दात गेला. परत हाणला. मी हात वर केले नाहीत. कुणीतरी ओरडलं, कुणीतरी त्याचा शर्ट फाडला, तो सुटून पुन्हा माझ्यावर आला.

"पोरांनो!" ओपलबाई ओरडल्या. आम्ही पन्नाशीचे. "रॉइस, त्या दिवशी तुझ्या कमरेला काय होतं रे?"

त्याचा हात वर तसाच राहिला.

"तुझ्याकडेही रेडिओ होता, मीच विकलेला. त्यात तीन होता ना?"

चॅनल ३

"दुसरा रूळ, दोष नाही," रॉइस म्हणाला. यंत्राच्या सपाट आवाजात म्हणाला. "मी ऐकलं होतं. मला वाटलं, तुम्हीही ऐकलं असणार. दोन गाड्या एका फोटोत येणार होत्या, व्हर्ल. मी कॅमेरा उचलला."

मग त्याने स्वतःचा उजवा हात जिमच्या फरशीवर आपटला. पुन्हा. पुन्हा. तिसऱ्या वेळी हाड मोडल्याचं सगळ्यांनी ऐकलं. मी रक्त गिळत त्याच्या दंडाला लटकलो तेव्हा तो थांबला.

ओपलबाईंनी पालथं टेबल सरळ केलं. ढिगातून सोळा चॅनलचा जाडजूड स्कॅनर काढला, स्क्रूड्रायव्हरने त्याचं कुलपाचं बटण उपटलं आणि सोल्डरिंगच्या कांडीने कथील वितळवून भोकात ओतलं.

"हा न्या. आणि आधी दवाखान्यात जा, मूर्खांनो."

आम्ही आधी माझ्या नव्या पिकअपमध्ये स्कॅनर बसवला. रॉइस डाव्या हाताने बसवायची पट्टी धरून होता, मी स्क्रू पिळत होतो. सगळ्यावर रक्ताचे डाग.

दवाखान्याच्या वाटेवर तेच क्रॉसिंग लागतं. गाडी गेली. यंत्र बोललं: दुसरा रूळ.

मी थांबलेलोच होतो. तरी रॉइसने शाबूत हाताने माझी कॉलर पकडली, गळा आवळेपर्यंत.

"थांब," तो म्हणाला. "थांब, गाढवा, थांब."

दुसऱ्या गाडीचा शेवटचा डबा गेल्यावरही त्याने हात काढला नाही.