डूल आधी कुणाचे?

मी एक कादंबरी आहे, आणि तीसुद्धा अर्धवट. डोंगरातल्या नारिन गावच्या बाजारात एका बाईनं माझी सुरुवातीची पानं फाडून सूर्यफुलाच्या बियांच्या पुड्या बांधल्या. त्यामुळे माझ्यातले नायक-नायिका पहिल्यांदा कुठं भेटले, कुणालाच कळत नाही. मला उघडलं की ते आधीपासून मित्रच असतात.

सगळीच पुड्यांत गेले असते. पण बिया घ्यायला आलेल्या गुलबारा एजेनं मलाही मागून घेतलं. तिच्याकडे बाया लोकरीचे नमदे, म्हणजे जाड गालिचे, शिवतात. एकीनं मला मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी टाके घालायचे. तिथं सगळ्यांत थोरली म्हणून तिला सगळ्या एजे म्हणतात, म्हणजे ताई.

"एवढी पानं झाली, ह्या मेंढराला अजून कळेना, पोरगी जीव टाकते ते," एजे कुरकुरायची.

"कळलं की गोष्ट संपेल ना, एजे."

"मग नको कळू दे बाई. अजून दोन नमदे बाकी आहेत."

मला नवल वाटायचं. माझ्यात राजवाडा नाही, मारामारी नाही. ह्यांना एवढं काय सापडतं? एकदा वाचता वाचता त्यांच्यातली बिनलग्नाची बेगिमाय थांबली आणि म्हणाली, "ह्याच्यासमोर तिला नटून बसावं लागत नाही. त्यानं तिचं नाक वाहताना बघितलंय." कुणी हसलं नाही. त्यातल्या बऱ्याचजणी लग्न झाल्यावरच नवऱ्याशी पहिल्यांदा बोललेल्या.

बेगिमायचा असा एक होता. शेजारचा एर्मेक. लहानपणी दोघं एकाच गाढवावर बसून पाणी आणायची. आता तो वडापची गाडी चालवायचा. आणि रविवारी अत-बाशीहून परकी माणसं तिच्या कानात डूल घालायला येणार होती. सासूनं डूल घातले की लग्न पक्कं, मग माघार नाही.

"आई, त्यांना नाही म्हण."

"कशावर म्हणू? तुझे कान मोकळे आहेत. दुसरं कुणी विचारलंय का?"

बेगिमाय रडली नाही. एजेकडून मला उचललं आणि थेट वडापच्या थांब्यावर गेली.

"हे वाच."

"मी?" एर्मेक म्हणाला.

"गाडी भरेपर्यंत माशाच मारतोस ना."

त्यानं तेलकट अंगठ्यानं मला वाचायला घेतलं. शब्द शब्द लावत. माझा जीव टांगणीला. रविवार जवळ यायला लागला, आणि हा पान उलटायच्या आधी एकदा बाहेर बघायचा.

शनिवारी ती आली. गाडी भरत आली होती.

"संपलं?"

"थोडं राहिलंय. पण हा माणूस येडाच आहे. ती समोर बसलीय, तरी बोलत नाही. कधीच बोलायला पाहिजे होतं ह्यानं."

"आणि तू कितव्या पानावर आहेस, एर्मेक?"

तो हसायला गेला, मग त्यानं मला मिटून काचेपाशी ठेवलं.

"उद्या माझ्या कानात डूल येणार," ती म्हणाली. "मला तुझ्या आईचे हवेत. मी बोलले. आता तू बोल."

मागून एक म्हातारबाबा म्हणाले, "पोरा, गाडी भरली. निघ की."

"बाबा, उतरा सगळे. मी आधी आईकडे चाललोय."

"उतरतंय कोण? आम्हालाही बघायचंय. चल."

आख्खी गाडी एर्मेकच्या दारात. त्याची आई कणीक मळत होती. नवे डूल आणायला वेळ कुठं होता? तिनं पिठाच्या हातानंच स्वतःच्या कानातले चांदीचे डूल काढले, डोक्याच्या रुमालाला पुसले आणि शेजारचं दार वाजवलं. बेगिमायच्या आईनं दार उघडलं, ते डूल बघितले आणि म्हणाली, "इतका उशीर करतात का?"

रविवारी अत-बाशीची पाहुणी आली. बेगिमायच्या कानातले चांदीचे डूल बघितले, चहा प्याली, गेली.

मी अजून एर्मेकच्या गाडीतच आहे, काचेपाशी, उन्हानं वाकडी झालेली. शेवटची पानं त्यानं अजून वाचलेली नाहीत. गाडी भरेपर्यंत कुणीतरी पोरगी मला मांडीवर घेते, आणि शेजारी तिची आई असली तर मला झाकून वाचते.

तुमची लेक कधी अशी वाचताना दिसली तर माझ्यावर रागवा हवं तर, मला काय, मी बियांच्या पुडीतून वाचलेली. पण तिला विचारा, वाचताना कोण आठवतं. आणि ती नाव सांगायला लागली की हातातलं काम खाली ठेवा.