उजव्या बाजूचा वाल्मिक

सुंदराला रंजनाचा हेवा वाटत होता, आणि कशाचा, तर तिच्या मेलेल्या पोराचा.

असलं काही माणूस कुणाला सांगत नाही. सुंदराने देवालासुद्धा अर्धंच सांगितलं होतं.

आठ दिवसांमागे दूरच्या एका गावात भरबाजारात कुणी गर्दीवर गोळ्या झाडल्या. नऊ माणसं गेली. साड्यांची पार्सलं घेऊन टेम्पोवर गेलेला रंजनाचा वाल्मिक त्यातच होता. तेव्हापासून गुजरातेतल्या लिंबायतच्या, रंजनाच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. पुढारी आले, टीव्हीवाले आले, एरवी नळावर भांडणाऱ्या बाया चहाच्या किटल्या घेऊन आल्या.

आणि सुंदराचा हेमराज? दोन वर्षांमागे पांडेसऱ्यात, कापड रंगवायच्या मिलमध्ये, वाफेने भाजून गेला. त्याला पोचवायला अकरा माणसं. त्यांत रंजना नव्हती. दोघी नवापूरकडच्या, चर्चच्या एकाच मंडळीतल्या, पोरं एका ताटात जेवलेली, तरी नव्हती.

आज संध्याकाळी मेणबत्त्यांचा मोर्चा होता. प्रार्थनेत ओव्या म्हणायची ती सुंदराच. चाल आजीच्या जात्यावरची, शब्द येशूचे. पाळक गजेंद्र सकाळीच येऊन सांगून गेले होते, "सुंदरामाय, निघण्याआधी वाल्मिकसाठी तुमची ओवी. लोक घोषणा देतील. आपण द्यायच्या नाहीत. आपण रडायला जातोय, रक्त मागायला नाही."

"म्हणेन," ती म्हणाली. दिवसभर साड्यांना टिकल्या लावता लावता तिने ओवी बांधली. शब्द येत होते, पण कोरडे, टिकल्यांसारखे नुसते चमकणारे.

चौकात पोचली आणि तिचे पायच थांबले.

दोन बांबूंवर ताणलेलं बॅनर. खाली हात जोडलेला पुढारी, मधे मोठ्या अक्षरांत वाल्मिकचं नाव, आणि नावावर चेहरा हसत होता तो हेमराजचा.

तिचा हेमराज. नाताळची चांदणी लावतानाचा पांढरा शर्ट, पुढचा तुटका दात. त्याच्यापुढे दीडदोनशे मेणबत्त्या. कुणाच्या कडेवरची पोरगी त्याच्याकडे बघून इवले हात जोडत होती.

सुंदराला कळलं काय झालंय ते; त्या नाताळच्या फोटोत दोघं पोरं शेजारी उभी होती. आणि तिच्या छातीत जे उसळलं ते दुःख नव्हतं. असू दे, तिला वाटलं. एक संध्याकाळ असू दे. रंजना खुर्चीत तोंडावर पदर घेऊन बसलीय, तिला काही दिसत नाही. बाकी कोण ओळखतं? दोन वर्षं नाही कुणी ओळखलं.

ती गर्दीत उभी राहून पोराला बघत राहिली. डोळे भरून, चोरून.

तेवढ्यात मागच्या पोरांनी बांबू उचलले. बॅनर हललं, हेमराज माणसांच्या डोक्यांवर गेला, आणि त्याच्या खालून आरोळी उठली, "खून का बदला खून से लेंगे!"

पुन्हा. आणखी मोठ्याने. हेमराज हसतोय आणि त्याच्या नावाने नाही, पण त्याच्या तोंडाने रक्त मागितलं जातंय.

"थांबा!" सुंदरा बांबूला जाऊन लोंबकळली. "हाऊ वाल्मिक नही! हाऊ मना हेमराज शे!"

पुढाऱ्याचा माणूस भाईदास धावत आला. "अरे माजी, रंजनाबेने पोते कह्युं! फोटामां बे छोकरा हता, में पूछ्युं कयो, तो कहे ऊजळो. में ऊजळो लीधो!"

फोटोतल्या दोघांतला कोणता, असं विचारल्यावर रंजना उजवा म्हणाली होती. उजव्या बाजूचा. भाईदासच्या गुजराती कानाने ऊजळा ऐकला, आणि दोघांतला गोरा उचलला.

"आता काढा ते," गजेंद्र म्हणाले.

"पास्टरसाहेब, टीव्हीवाला खडा है. चेहरा कौन देखता है?" भाईदास म्हणाला.

रंजनाने पदर वर केला. सुजलेल्या डोळ्यांनी बराच वेळ बॅनर बघितलं. मग हळू म्हणाली, "राहू दे वं सुंदरा. तुन्या पोऱ्याले बी लोक दखतीन."

आठ दिवस सुंदराला हेच हवं होतं. समोर वाढून आलं होतं.

"नही," सुंदरा म्हणाली. "त्याले कोनी गोळी मारी नही. त्यानं मरन त्यानं शे. ते मी कोनले देवाव नही."

पोरं थांबली नाहीत. बॅनर निघालं, मागून मोर्चा, मागून कॅमेरा. उरली ती मंडळीची वीसेक माणसं, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर बसलेली.

सुंदरा रंजनाच्या शेजारी टेकली. "मी तुनावर जळस वं. आठ दिन झाया."

"माले समजत नव्हतं का? चहा देतांना कप आपटे तू." रंजनाने नाक पुसलं. "हेमराजना टायमाले मी उनी नही. तुनं तोंड दखानी हिंमत नव्हती माले. मना पोऱ्या जिता होता ना."

सुंदराच्या पोटातला काटा निघाला नव्हता. पण आता तो कुठे आहे हे दोघींना ठाऊक होतं.

"म्हणा, माय," गजेंद्र म्हणाले.

तिने घसा साफ केला.

"वाल्मिक गं गोरा गोरा, जसं चांदणं अंगणी..."

"गोरा कसाना वं?" रंजनाने मधेच तोडलं. "काळा होता मना पोऱ्या. डांबर. असं गासी तं येशू वयखाव नही त्याले."

मागे कुणीतरी फिसकन हसलं, आणि हसता हसता रडायला लागलं. सुंदराने डोळे मिटले. सबंध दिवसात पहिल्यांदा तिला वाल्मिक दिसला, उजव्या बाजूचा, हेमराजच्या खांद्यावर हात टाकलेला.

"काळा गं काळा वाल्मिक, करवंद डोंगराचं,
येशू उचली हातात, लेकरू रंजनाचं."

रंजनाने तिचा हात घट्ट धरला.

"परत म्हन," ती म्हणाली.