अंजनाबाईवर ठेवलेला शब्द

मोहर्लीच्या जंगलाच्या गेटवर मुखरू बावीस वर्षांपासून गाईड. धुळीतला माग पाहून सांगे, नर गेला का मादी, आन कवा गेली. पन कोनी इंग्रजीत इचारलं का त्याची बोलती बंद. त्याले येकच वाक्य येत होतं. वाघ नाई दिसला का हात जोडून म्हने, "सॉरी सर, नो टायगर."

औंदा नवा कायदा आला. चाळीस जनावरा-पाखराईची नावं इंग्रजीत सांगा, नाईतर गाईडचं कार्ड मिळनार नाई. चित्राचा येक कागद देल्ला जंगलखात्याच्या साहेबानं. मुखरू चौथी शिकलेला. सकाळी पाठ केलेलं दुपारपर्यंत साफ.

गेटसमोर अंजनाबाईची चायची टपरी. म्हातारी, येकटी, मानेतून वाकलेली. तिनंच त्याले धरलं.

"आन इकडं तो कागद. मी बोट ठेवतो, तू नाव सांग. चुकला का चाय नाई!"

तिलेबी वाचता येत नव्हतं. मुखरूची पोरगी दिव्या येक डाव नावं वाचून दाखवे, तेवढं आयकून अंजनाबाईच्या ध्यानात राहे. मुखरूच्या राहत नव्हतं. पंधरा दिवसात त्याच्या किती चाया बुडाल्या, देवाले ठाऊक.

मंग त्यानं मनातल्या मनात येक शक्कल काढली. ज्याले चिडवायचं नाव नाई असा येक मानूस गावात दाखवा. म्हनून त्यानं येकेक शब्द येकेका मानसावर ठेवून देल्ला. इसरूच्या अंगभर केस, तो अस्वल, 'बेअर'. इतवारी दिवसभर भांग पाडे, तो मोर, 'पीकॉक'. आन गिधाड? कोनाचीबी तेरवी असो, तेराव्याच्या जेवनाले अंजनाबाई तिथी हजर. त्यात ती वाकलेली मान. 'व्हल्चर'. असा बसला शब्द डोक्यात का हालंना.

परीक्षेच्या दिवशी गेटजवळच्या मांडवात सारे गाईड जमले. साहेबानं गिधाडाच्या चित्रावर बोट ठेवलं आन मुखरू गडबडला. मनातलं सारं मोठ्यानं तोंडावाटे निघालं.

"गिधाड... तेरवी... अंजनाबाई... व्हल्चर! व्हल्चर, साहेब!"

"बरोबर," साहेब म्हने.

मांडव खो-खो हासला. इसरू त मांडी पिटून हासला, त्याले काय मालूम का तो अस्वल हाये. मुखरूबी हासला. मंग त्यानं मागं पाह्यलं. अंजनाबाई चायचा ट्रे घेऊन उभी होती.

तिनं सगळ्याईपुढं येकेक कप ठेवला. मुखरूपुढंबी ठेवला. त्याच्याकडं पाह्यलं मात्र नाई. त्या चायवर साय धरली, तरी त्याचा हात कपाले लागला नाई.

आठ दिवसांनी इतवारीच्या मायची तेरवी होती. सकाळचे नऊ वाजले, चूल थंडी. बाया येकमेकीकडं पाहून राह्यल्या.

"अंजनाबाई नाई आली काजी?" इतवारी म्हने. "दोनशे मानसाचा भात तिच्याबिगर कोनाले जमते? ती त दिवस उगवायच्या आंधी चूल पेटवते."

मुखरू आज पयल्यांदाच सकाळी आला होता. तो सदा पंगतीच्या टायमाले जाये. तवा ती त्याले पत्रावळीपाशी दिसे, सगळ्याईच्या शेवटी. त्याच्या आंधी ती काय करे, हे त्यानं कधी पाह्यलंच नव्हतं.

"मुखरू, तूच जाय," इतवारी म्हने. "तुह्यं आयकते ती."

टपरीवर अंजनाबाई कप धुऊन राह्यली होती.

"बाई, चाल ना. भात जमून नाई राह्यला कोनाले."

"काऊन? गिधाडाबिगर तेरवी होत नाई का?"

मुखरूच्या तोंडी पटकन आलं, "सॉरी, बाई."

"ते नोको सांगू मले. वाघ नाई दिसला का रोज सांगतं तू ते."

हात पुसून तिनं साखरेच्या डब्यामागून तो कागद काढला. पयल्या चित्रावर बोट ठेवलं आन म्हनत गेली. हरीन, मोर, अस्वल, चाळीसच्या चाळीस नावं, इंग्रजीत. गिधाडापाशीबी आवाज तसाच राह्यला.

"मी येकबी नाव कोनावर नाई ठेवलं, मुखरू. तरी ध्यानात हायेत. जाय आता."

तो वापस आला. सराटा घेऊन सोताच भाताच्या मोठ्या गंजापुढं उभा राह्यला. भात खालून करपला, वरून कच्चा राह्यला. पंगत बसली आन पयल्याच घासाले इसरू वरडला, "अबे, हा भात हाये का कोळसा? अंजनाबाई काऊन नाई आली आज?"

मुखरूचा वाढता हात थांबला. तिची तब्येत बरी नाई, येवढं म्हनलं असतं त निभलं असतं.

"माह्यापायी नाई आली," तो म्हने. "म्या तिले गिधाड केलं. तुलेबी अस्वल केलं, इसरू. शब्द ध्यानात राहावा म्हनून."

कोनी हासलं नाई. इसरूनं मान खाली घालून वरन कालवलं. मुखरू पुढच्या पत्रावळीवर गेला, तिच्यावरबी करपलेलाच भात पडला.