छतावरची मऊ जागा

“भोक कुठंय?” पप्पूनं विचारलं.

पप्पू पंखे बसवणारा. गोदामाचा मोठा एक्झॉस्ट पंखा तो जालन्याहून टेम्पोत घालून घेऊन आला होता. पंखा खाली ठेवून, केबलचं वेटोळं खांद्यावर टाकून, तो शिडीनं छतावर चढला होता. एवढे कष्ट घेऊन आलेल्या माणसाचा प्रश्न वाजवी होता. पंख्याला भोक लागतं.

तातेरावनं गरम हवेची गन खाली ठेवली, काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि बऱ्याच दिवसांनी मान वर करून छताकडे बघितलं. छत पांढरं होतं. एकाच वेळी दोन लग्नांच्या पंगती उठवता येतील एवढं मोठं, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं पांढरं. भोक कुठेच नव्हतं. छताला भोक राहू नये याचाच तर त्याला पगार होता.

“व्हतं,” तातेराव म्हणाला.

“व्हतं म्हंजी?”

तातेरावनं खाली बघितलं. त्याच्या पायाच्या बोटांना काहीतरी समजलं होतं आणि ती बुटाच्या आत वळायला लागली होती.

तातेरावला उंचीची भीती वाटायची. छतावर काम करणाऱ्याला उंचीची भीती असणं हे हलवायाला माश्यांची किळस असण्यासारखं आहे, पण माणूस त्यातूनही मार्ग काढतो. तातेरावनं काढलेला मार्ग म्हणजे मध्यभाग. मोठ्या छताच्या मधोमध उभं राहिलं की उंची दिसत नाही. शेतात उभं राहिल्यासारखं वाटतं. फक्त शेत पांढरं असतं आणि त्यात काही उगवत नाही. म्हणून कडेची कामं तो बाकीच्यांना द्यायचा आणि वर त्यांनाच ऐकवायचा की खरी कारागिरी मधे लागते. लोकांना ते पटलं होतं. मुकादम भारत तर त्याला ‘मधला मिस्त्री’ म्हणून दुसऱ्या साइटवर उसना द्यायचा. काम करतानाही तातेराव इकडेतिकडे बघत नसे. खाली पत्रा, पत्र्यावर फोमचे बोर्ड, बोर्डांवर जाड पांढरी प्लॅस्टिकची शीट. एका शीटची कड दुसरीवर चढवायची, मधे गनचं तोंड घालून दोन्ही वितळवायच्या आणि वरून रोलर दाबत न्यायचा. डोळे फक्त सांध्यावर. सांधा नेईल तिकडे तातेराव जाणार.

वडीगोद्रीच्या घरी पत्र्यावर वाळवण घालायला त्याची बायको सोनूबाईच चढायची. दिवसभर तेच करतो, असं सांगून तातेराव खालून परात वर द्यायचा.

आता त्याला भोक आठवलं. पत्र्यात कापून ठेवलेलं, एक म्हैस आरामात खाली जाईल एवढं चौकोनी भोक होतं आणि त्यावर एक जाड प्लायवूड ठेवलेलं होतं. कुणी पाय देऊ नये म्हणून त्यावर लाल रंगानं ‘भोक’ असं लिहिलंही होतं. शीटचा पहिला गुंडाळा उघडायच्या दिवशी नारळ फोडायचा ठरला. नव्या शीटवर नारळाचं पाणी नको, कुंकवाचे डाग नकोत, म्हणून भारतनं तेच प्लायवूड उचललं आणि त्यावर पूजा मांडली. एका सकाळपुरतं म्हणून भोकावर फोमचा बोर्ड कापून बसवला. पूजा छान झाली. मात्र प्लायवूडला हळदकुंकू लागलं होतं, आणि हळदकुंकू लागलेल्या वस्तूवर पाय पडेल अशा ठिकाणी ती परत ठेवायला कुणी धजेना. भारतनं ते खाली नेऊन गोदामाच्या भिंतीशी उभं केलं. तेव्हापासून कुणी ना कुणी त्याच्यापुढे उदबत्ती लावत होतं. आज उद्घाटनाची पूजाही त्याच्यावरच होणार होती.

आणि इकडे तातेराव खाली मान घालून, सांध्यामागे सांधा जोडत, त्या फोमच्या बोर्डावरून शीट घेऊन गेला होता. नेमकं कुठून, हे पांढऱ्या रंगाला विचारून उपयोग नव्हता.

त्यानं पप्पूला हे सांगितलं. पप्पूचा एक पाय पुढे पडायला निघाला होता, तो त्यानं तसाच हवेत धरला.

“मंग मी आता पाय कुठं ठिवू?”

“आधी व्हता तिथंच ठिव.”

पप्पूनं पाय काळजीपूर्वक परत घेतला. दोघं उभे राहिले. जन्मभर ज्या मध्यभागाच्या भरवशावर तातेराव जगला होता, त्यानं आज त्याच्या पायाखालून अंग काढून घेतलं होतं. कडेची भीती निदान दिसते तरी. डोळे मिटले की ती जाते. ही भीती कुठल्या बाजूला डोळे मिटून टाळायची हेच कळत नव्हतं. त्यात डोक्यावर ड्रोन घोंगावत होता. उद्घाटनाला छताचा वरून फोटो पाहिजे, म्हणून कंपनीच्या साहेबांनी कॅमेरावाला बोलावला होता. पूजा झाली की साहेब, त्यांच्या घरची मंडळी आणि पाहुणे छतावर येऊन हात हलवणार होते.

सुरक्षेचे बेल्ट भारतच्या गाडीच्या डिकीत होते. तपासणी आली की ते बाहेर निघायचे.

पप्पूनं उभ्या जागेवरून भारतला फोन लावला. भारतनं गोदामात जाऊन वर बघितलं. मग तो म्हणाला की पत्र्यात चौकोन दिसून राह्यलाय, पण वरून कुठं येतो ते सांगता येत न्हाई. खालून बांबूला बांबू बांधून ढोसतो, वर कुठं फुगतंय ते बघा.

युक्ती चांगली होती. दोघं चारी दिशांना बघायला लागले.

छताच्या दूरच्या कडेजवळ बेबीनंदा भाकर खात बसली होती. बेबीनंदा घनसावंगीकडची, पन्नाशी ओलांडलेली, शीट टाकायच्या आधी बोर्ड झाडून घ्यायचं काम करणारी. भारतपासून साहेबांपर्यंत कुणालाही ती एकाच आवाजात बोलायची. जेवायला ती रोज त्याच जागी बसायची. तिथं वारं लागतं, शिवाय जागा मऊ आहे, असं तिनं सगळ्यांना सांगून झालं होतं. तातेरावभाऊ, तुमी बाकी समदीकडं दगडावानी शीट टाकली, हितं तेवढी गादी केली, असं ती परवाच म्हणाली होती. तातेरावला ते कौतुक वाटलं होतं.

आता ते वाक्य त्याला आठवलं, आणि त्याच वेळी बेबीनंदा भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाली, “आरं, खालून कोन ढोसून राह्यलं?”

“भारतला थांबव,” तातेराव पप्पूला म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक निघाला की पप्पूला पुन्हा विचारावं लागलं. तोवर खालून काहीतरी मोडल्याचा आवाज आला. बोर्ड फुटला होता. बेबीनंदा बसल्या जागी वीतभर खाली गेली.

आता तिच्याखाली फक्त शीट होती. शीटखाली तीन मजले रिकामे आणि मग फरशी.

“बेबीताई, हालू नका.”

“हालत न्हाई.” तिनं हळूच इकडेतिकडे बघितलं. “खाली काय हाय?”

तातेरावला खोटं सुचलं नाही. “भोक हाय. त्याच्याखाली भारत हाय.”

“मंग त्याला बाजूला व्हायला सांगा.”

पप्पूनं फोनवर सांगितलं. भारत बाजूला झाला, असंही त्यानं कळवलं. तेवढं एक काम मार्गी लागलं.

तातेराव चालायला लागला. भोक सापडलेलं होतं, म्हणजे बाकीचं छत आता घट्ट होतं, पण तरी तो दर पावलाला बुटाच्या टोकानं चाचपून बघत होता. जवळ गेल्यावर त्याला सांधा दिसला. त्याचा स्वतःचा सांधा, बरोबर बेबीनंदाच्या मांडीखालून गेलेला. खाली मान घालून सांध्यामागे जाताना तो नकळत इथवर, कडेपर्यंत येऊन गेला होता. सांधा ताणला गेला होता आणि धरून होता. पण त्याचं तोंड, म्हणजे वरच्या शीटची मोकळी कड, छताच्या मधल्या बाजूला होतं. बाईला मधे ओढलं असतं तर वरची शीट उचलली गेली असती आणि सांधा केळीच्या सालीसारखा सुटला असता. कडेकडे ओढलं तर तो दाबला जाणार होता.

कडेकडे ओढायचं म्हणजे ओढणाऱ्यानं कडेला बसायचं. भोक आणि कड यांच्यात एक माणूस जेमतेम आडवा झोपेल एवढी जागा होती. पुढे घोट्याएवढी पत्र्याची पट्टी, आणि त्यापुढे अंबड रोड, खाली बराच खोल.

तातेराव पप्पूकडे वळला. तुला उंचीची भीती हाय का, असं त्यानं विचारलं. पप्पू म्हणाला, बिलकुल न्हाई. पण त्याचे दोन्ही हात केबल घट्ट आवळून होते, आणि सांधा कुठून सुटेल हे त्याला कळणार नव्हतं. तातेरावनं केबलचं एक टोक स्वतःच्या कमरेला बांधलं. दुसरं टोक पप्पूच्या हातात देऊन त्याला मधे पालथा झोपवला. मग तो रांगत भोकाला वळसा घालून गेला. कडेपाशी पोचल्यावर त्यानं कडेकडे पाठ केली, बूड टेकलं, टाचा शीटमधे रोवल्या आणि डोळे मिटले. पाठीला वारा लागला. पाठीमागून वारा येणं याचा अर्थ मागे काहीही नाही, हे त्याच्या पाठीला नीट समजलं.

“ताई, उताण्या व्हा. सावकाश. हात डोक्याकडून माज्याकडं करा.”

“तुमचे डोळे कामून मिटले?”

“ऊन लागून राह्यलं.”

बेबीनंदा आडवी झाली. शीट आणखी थोडी खाली गेली आणि करकरली. तातेरावच्या हातात तिचे दोन्ही हात आले, भाकरीचं पीठ लागलेले. एवढ्यात घोंघाट वाढला. ड्रोन खाली उतरून त्यांच्यावर येऊन थांबला होता.

“ह्ये काय आलं आनिक?”

“फोटो काढून राह्यलं.”

यावर बेबीनंदानं एक हात सोडवून घेतला, पदर डोक्यावरून सारखा केला आणि हात परत दिला. तेवढ्या वेळात तातेराव एकदा मेला. मग त्यानं ओढलं. ती टाचांनी रेटत होती, तो ओढत होता, आणि दर ओढीला त्याचं बूड पट्टीकडे सरकत होतं. पट्टी कमरेला टेकली. कंबर पट्टीवर आली. सांधा दाबला गेला, कुरकुरला आणि राहिला. बेबीनंदाचे पाय भोकावरून घट्ट बोर्डावर आले, आणि तिचं डोकं तातेरावच्या मांडीवर.

दोघं तसेच राहिले. मग बेबीनंदानं मान वळवून बघितलं आणि ती म्हणाली, “भाकर तिकडंच राह्यली.”

फडक्यातली भाकर शीटच्या खळग्यात मधोमध बसली होती. ती आणायला कुणी गेलं नाही.

त्यानंतर सगळं जल्दी जल्दी झालं. खाली उतरल्यावर बेबीनंदा सरळ गोदामात गेली आणि भिंतीशी उभं असलेलं प्लायवूड उचलायला लागली. भारत आडवा आला. साहेबांची पूजा याच्यावर मांडायची हाय, असं म्हणाला. बेबीनंदानं ओल्या फडक्यानं हळदकुंकू पुसलं. खालून लाल अक्षरं निघाली.

“पूजा फरशीवर मांड,” ती म्हणाली. “भोकाचं झाकन भोकावर जाऊ दे.”

पूजा फरशीवर झाली. साहेबांना छतावर नेलं नाही, ऊन फार आहे असं सांगितलं. पप्पूनं शीट चौकोनी कापून पंखा बसवला. कापलेल्या तुकड्याबरोबर भाकर आली, ती मुंग्यांनी खाल्लेली होती. बेबीनंदा दुसऱ्या दिवशी कामावर आली, पण शिडी चढली नाही. खालीच झाडीन म्हणाली.

कंपनीच्या ऑफिसात छताचा मोठा फोटो लागला. त्यातलं छत सलग पांढरं आहे. एक भाकरीचं लाल फडकं, केबल धरून पालथा पडलेला पप्पू आणि कडेला दोन माणसं होती, ती पुसून घेतली. मूळ फोटो कॅमेरावाल्याकडून पप्पूला आणि पप्पूकडून तातेरावच्या मोबाइलवर आला.

वडीगोद्रीला, चहा घेताना, त्यानं तो सोनूबाईला दाखवला. तिनं तो दोन बोटांनी मोठा केला. पांढऱ्याशुभ्र छताच्या अगदी टोकावर एक बाई आडवी होती, पदर नीट घेतलेली. तिचे हात धरून एक माणूस पट्टीवर बसला होता, आणि त्याच्या पाठीमागे लगेच रस्ता सुरू होत होता. सोनूबाईनं तो माणूस आणखी मोठा केला. मग ती नवऱ्याकडे बघत राहिली.

“हे तुमी हाव?”

“हं.”

“डोळे मिटलेत.”

“ऊन व्हतं लई,” तातेराव म्हणाला.

सोनूबाईनं फोन खाली ठेवला. थोड्या वेळानं ती उठली आणि मिरच्यांची परात घेऊन, नेहमीसारखी, पत्र्यावर चढली. तातेराव खाली उभा होता. त्यानं शिडी दोन्ही हातांनी धरली आणि ती उतरेपर्यंत सोडली नाही.